कंपनी काढायची घाई करू नका

कोथरूडमधून घरगुती मसाल्यांचा धंदा सुरू करताय आणि त्यासाठी कंपनी काढावी का, असं विचारताय. छान! एकट्याच आहात तर सध्या प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकटीच्या मालकीचा धंदा, पुरे. एवढं आधी करा:

- एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी, पहिली विक्री होण्याआधीच.
- उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.
- धंद्याचं करंट खातं वेगळं. किराणा त्यातून नको.

मैत्रीण भागीदार होणार असेल तर करार लेखीच हवा, अगदी सख्खी असली तरी. काही ठरलेलं नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा-तोटा समान वाटला जातो, मग भांडवल कुणी कितीही घातलेलं असो. इथेच घरोब्याची माणसं दुरावतात.

नुसतं नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लागावं म्हणून कंपनी काढू नका. विक्री शून्य असली तरी ऑडिट चुकत नाही. मोठं कर्ज काढायची वेळ आली, की मात्र एलएलपीबद्दल (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) सीएशी बोला, कारण प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं देणं थेट तुमच्या अंगावर येतं.