कुठपर्यंत धावणार, ते आधी सांग

ताई,

मी 23 वर्षांची आहे. पदव्युत्तर शिक्षण घेते आणि कॉलेजच्या शिकवणी केंद्रात खेळाडू विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. त्यांच्यातला एक 21 वर्षांचा आहे, 800 मीटर धावतो. गेले सात महिने आम्ही एकमेकांत गुंतलोय, पण ‘याला नाव कशाला द्यायचं?’ असं मीच सुरुवातीला म्हणाले आणि त्याने ते मान्य केलं. माझे आईबाबा एका घरात राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ‘कायमचं’ हा शब्द ऐकला की माझा श्वास अडकतो. तीन आठवड्यांनी त्याची वर्षातली सर्वांत मोठी शर्यत आहे. तो म्हणाला, ‘ये, आणि माझ्या घरच्यांबरोबर बस.’ मी कामाचं कारण सांगितलं. काम नव्हतंच. त्यानंतर सरावात त्याची वेळ घसरायला लागली. आता वाटतं, शर्यतीपर्यंत नेहमीसारखं वागावं आणि मग हळूहळू दूर व्हावं. त्याला सगळ्यात कमी त्रास असाच होईल ना? आणखी एक, त्याच्या प्रगतीचा अहवाल मी भरते. त्यावरच त्याला संघात खेळता येणार की नाही हे ठरतं.

— नाव न लिहिणारी

प्रिय मुली,

तुझं पत्र मी शेवटच्या ओळीपासून परत वाचलं. ‘आणखी एक’ म्हणून जे तू जाता जाता लिहिलंस, तिथूनच सुरुवात करावी लागेल. ज्याच्या खेळण्या-न खेळण्याचा कागद तुझ्या हातात आहे, तो तुझ्यावर मोकळेपणाने रागावू शकत नाही. ‘नाव कशाला?’ या तुझ्या प्रश्नाला त्याने होकार दिला तेव्हाही तो कागद तुझ्याकडेच होता. तू त्याचा कधी गैरवापर केला नसशील, यावर माझा विश्वास आहे. तरीही त्या होकारात किती मन होतं आणि किती अडचण, हे आज तुम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. म्हणून आधी केंद्राच्या प्रमुखांना भेट. ‘या विद्यार्थ्याशी माझं वैयक्तिक नातं आहे, त्याला दुसऱ्या कुणाकडे द्या आणि अहवालही त्यांनीच भरावा,’ एवढं सांग. लाज वाटेल, कदाचित बोलणीही खावी लागतील. ती खा. पण जाण्याआधी त्याला सांगून जा, कारण ही गोष्ट त्याच्याबद्दलचीही आहे.

आता तुझ्या भीतीकडे येते. तिच्याबद्दल तू फार अपराधी सुरात लिहिलंयस.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ वर्षा-दीड वर्षाच्या मुलांचं निरीक्षण करत. आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची आणि परत यायची. काही मुलं रडून तिला बिलगायची. काही मात्र ती आली तरी खेळण्यांतून मान वर करायची नाहीत, जणू त्यांना काही फरकच पडला नव्हता. पुढे 1977 साली इतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर वरून शांत दिसणाऱ्या या मुलांचे ठोकेही वाढलेले होते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. 1987 साली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी हाच धागा मोठ्यांच्या प्रेमापर्यंत नेला. त्यांच्या पाहणीत सुमारे चौथा हिस्सा लोकांनी, कुणी फार जवळ आलं की आपण अस्वस्थ होतो, असं स्वतःचं वर्णन निवडलं होतं. तेव्हा तू एकटी नाहीस आणि दगडाच्या काळजाची तर मुळीच नाहीस. ज्या घरात अबोला हीच भाषा होती, तिथे वाढलेल्या मुलीने अंतर ठेवायला शिकणं मला अगदी समजतं. भीतीबद्दल मी तुला एका शब्दानेही दोष देणार नाही.

दोष देईन तो कामाच्या खोट्या कारणाला. आणि त्याहून जास्त, पुढच्या तीन आठवड्यांच्या तुझ्या बेताला.

तो 800 मीटर धावतो, म्हणजे पेसर हा शब्द तू त्याच्याकडून ऐकला असशील. मोठ्या शर्यतींत सुरुवातीचा वेग राखायला एक धावपटू पुढे ठेवतात. तो ठरलेल्या अंतरापर्यंत धावतो आणि बाजूला होतो. त्याला कुणी दगाबाज म्हणत नाही, कारण तो कुठपर्यंत सोबत आहे हे आधी ठरलेलं असतं आणि मागच्याने उरलेलं अंतर एकट्याने काढायची तयारी केलेली असते. ऑलिंपिकमध्ये पेसर नसतात. 2012 साली लंडनला केनियाचा धावपटू डेव्हिड रुडिशा 800 मीटरमध्ये सुरुवातीपासून स्वतःच पुढे राहिला आणि 1 मिनिट 40.91 सेकंदांचा विश्वविक्रम करून गेला. थोडक्यात, सोबतीने धावता येतं आणि एकट्यानेही धावता येतं. पुढचा माणूस आहे की नाही हेच कळेनासं झालं की मात्र पायांची लय जाते.

तुझ्या बेतात नेमकं हेच होणार आहे. तू गोड वागशील, पण त्याला काहीतरी बिनसलंय हे जाणवेल. त्याला ते आत्ताच जाणवलंय. सरावातली वेळ तुझ्यामुळेच घसरली असं मात्र धरून चालू नकोस. थकवा असेल, अपुरी झोप असेल, शर्यतीचा ताण असेल. त्याच्या पायांची जबाबदारी त्याची आणि त्याच्या प्रशिक्षकांची आहे. पण शर्यत संपल्यावर, जिंकून किंवा हरून, त्याला मागे वळून कळेल की त्या तीन आठवड्यांतलं तुझं हसू ठरवून आणलेलं होतं. मग तो आधीच्या सात महिन्यांवरही संशय घेईल. ‘हळूहळू दूर होणं’ तुला सौम्य वाटतं. तुझ्या आईबाबांच्या घरातही कुणी एका दिवसात गप्प झालं नसेल गं.

म्हणून याच आठवड्यात बोल. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नको आणि सरावाच्या आधीही नको. त्याला सुट्टी असेल तो दिवस निवड. हा मुलगा रोज वेळेचे आकडे तोंडावर ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जातो. खरं ऐकायची ताकद त्याच्यात आहे, ती नाही असं तू परस्पर ठरवू नकोस.

काय बोलायचं हे मी पढवणार नाही, पण असं काही निघालं तर बरं: ‘मला तू हवा आहेस आणि मला भीतीही वाटते. त्या दिवशी काम नव्हतं, मी खोटं बोलले. आयुष्यभराचं मला आज काही सांगता येत नाही. हे वर्ष संपेपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे, उघडपणे आहे, आणि निघावंसं वाटलं तर गुपचूप निघणार नाही, तुला सांगेन.’ यातलं जे खरं असेल तेवढंच बोल. वर्ष जास्त वाटत असेल तर महिना म्हण. आणि मनात खोलवर उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही याच बैठकीत सांग. मग तो शर्यत तुझ्याशिवाय धावेल, पण निदान ते त्याला माहीत असेल.

कदाचित तो म्हणेल, ‘एवढं मला पुरत नाही.’ तसं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. तेव्हा घाबरून मोठं वचन देऊ नकोस. ते तुला पेलणार नाही आणि तुमच्या घरातल्या अबोल्यासारखंच काहीतरी त्यातून उगवेल. खूप दुखेल, रडायला येईल, त्याच्यासमोर रडलीस तरी चालेल.

राहता राहिली घरच्यांबरोबरची ती खुर्ची. बोलणं झाल्यावरही त्याने बोलावलं आणि तुला जावंसं वाटलं, तर जा. तिथे बसलीस म्हणजे काही ठरलं असं होत नाही, हे त्याला आधी सांग आणि स्वतःलाही. सगळी शर्यत दोन मिनिटांच्या आत आटोपते. तेवढा वेळ त्याच्याकडे बघत बस, छाती धडधडली तर धडधडू दे.

मला पुन्हा लिही. नाव घातलं नाहीस तरी अक्षर ओळखेन.

तुझी,
ताई