आयटी मॅनेजमेंटचा प्राध्यापक व्हायचंय, पण कोडिंग येत नाही

दिग्रसकडच्या भाऊंचा प्रश्न असा: एमबीए झालंय, घरी सहा एकरांत कपाशी-सोयाबीन आहे, कोडिंग जेमतेम येतं. बिझनेस स्कूलमध्ये आयटी मॅनेजमेंट शिकवता येईल का, आणि त्यासाठी पीएचडीत चार-पाच वर्षं घालावीत का?

कोडिंगची धास्ती सोडा, भाऊ. हा विषय मशीनपेक्षा माणसांचा जास्त आहे. एमबीएनंतर मी दोन हंगाम एका जिनिंगमध्ये होतो. मालकाने महागडं सॉफ्टवेअर बसवलं. कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, आणि काट्यावर एकेका कास्तकाराचं नाव, गाव, खातं टाइप करायचं! दिवाणजी सरळ वहीत लिहायचे. मी रात्री अकरापर्यंत ती वही कॉम्प्युटरात उतरवायचो. सिस्टीम चालतेय म्हणून मालक खूश.

पुढे पीएचडीत फ्रेड डेव्हिस या संशोधकाचा 1989 चा लेख वाचला. नवं तंत्र माणूस कधी स्वीकारतो? ते कामाचं वाटलं आणि वापरायला सोपं वाटलं तर. मला दिवाणजीच दिसले. फक्त आमच्याकडे फायदा मालकाचा होता आणि ताप दिवाणजींना. माझा पीएचडीचा विषय तिथेच सापडला.

आता पोटापाण्याचं. मॅनेजमेंटमधून यूजीसी नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा द्या. वर्षातून दोनदा असते. महाराष्ट्रापुरती सेट ही राज्याची परीक्षाही चालते. पण खरा जोर जेआरएफवर, म्हणजे नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांना पीएचडीसाठी मिळणाऱ्या फेलोशिपवर लावा. 2023 पासून पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये मिळतात, नंतर 42,000. खुल्या प्रवर्गाला वयाची अट 30 आहे, म्हणून रेंगाळू नका. फेलोशिपशिवाय पीएचडी करताना मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. पगार कधी दिवाळीला, कधी थेट उन्हाळ्यात. तेव्हा घर पऱ्हाटीनेच, म्हणजे शेतातल्या कपाशीनेच चालवलं, खोटं कशाला सांगू. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं खरं, पण खासगी कॉलेजात हातात प्रत्यक्ष किती पडतं ते तिथल्या शिक्षकाला चहावर विचारा, ऑफिसात नको.

संशोधनाचा विषय शोधायला पुण्याला पळू नका. आयटीसी कंपनीने 2000 पासून मध्य प्रदेशातल्या गावांत शेतकऱ्यांना भाव कळावा म्हणून ई-चौपालचे कॉम्प्युटर ठेवले, तेव्हा मंडीत सोयाबीनच्या भावाचं काय झालं, हे अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांनी तपासलं. भाव वाढलेले निघाले. 2010 चा तो लेख आधी वाचा. सोयाबीन तुमच्याही शेतात आहे. मग बाजार समितीत चार दिवस नुसतं बसा. 2016 मध्ये ई-नाम, म्हणजे बाजार समित्यांसाठीचा सरकारी ऑनलाइन लिलाव आला, तरी बोली कुठे स्क्रीनवर लागते आणि कुठे ढिगाजवळ उभं राहून, ते बघा. अडत्याशी तुमच्याइतकं मोकळं बोलणं शहरातल्या संशोधकाला जमणार नाही.

एमबीएला टक्के किती होते ते मात्र कळवा. खुल्या आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गाला 55 लागतात, बाकी आरक्षित प्रवर्गांना 50. त्याखाली असाल तर नेटचा फॉर्मच भरता येत नाही, मग दुसरी वाट बघू.