इंग्रजी पेपरात नॉन-फिक्शनच्या भाषेचं अ‍ॅनालिसिस कसं लिहायचं?

उपमा, रूपक सगळं ओळखता येतं तरी मार्क कटतात असं तुम्ही विचारलंय, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, नाव लिहून पोरं थांबतात आणि इफेक्ट राहूनच जातो. इंग्लंडमधल्या एक्यूए या परीक्षा बोर्डाच्या जीसीएसई (तिथली साधारण सोळाव्या वर्षी होणारी शालेय परीक्षा) इंग्रजी लँग्वेज पेपर 2 मध्ये प्रश्न 3 हा 12 मार्कांचा आहे आणि तो याच गोष्टीवर आहे.

समजा उताऱ्यात ‘द क्राउड पोअर्ड इनटू द स्क्वेअर’ असं वाक्य आहे. इथे नुसतं ‘पोअर्ड’ उचला. ओतलं जातं ते पाणी, माणसं नाही, म्हणजे लेखकाने गर्दीचा लोंढा केला, एकेकट्या माणसाचा चेहराच पुसला गेला आणि आता हे कोणी अडवू शकणार नाही असं वाचताना वाटतं. ‘वॉक्ड’ टाकून बघा, सगळी भीती जाते ना? हा शब्द बदलून बघायचा प्रकार मला फार आवडतो, खरंच करून बघा.

आणि नॉन-फिक्शन आहे हे विसरू नका हं, लेखक खऱ्या घटनेबद्दल स्वतःचं मत पटवत असतो, म्हणून त्याला गर्दीबद्दल काय वाटतं तेही एका ओळीत लिहा. ‘वाचकाला इंटरेस्ट येतो’ हे वाक्य मात्र कुठेच नको.