जुन्या जिप्सीचा डिस्ट्रिब्युटर पूर्ण सील केला तर ओढ्यात गाडी बंद पडणार नाही ना?

तुमची कार्बोरेटरवाली जिप्सी गुडघाभर पाण्यात मिसिंग करून बंद पडते, म्हणून डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक प्लगला आळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग) चहूबाजूंनी सिलिकॉन फासायचा विचार आहे. तसं करू नका. आत रोटरपाशी (वीज वाटणारा फिरता तुकडा) सतत ठिणगी पडते, त्यातून ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यांना वाट नसली की दमटपणात त्यांचं आम्ल होतं आणि टर्मिनलं हिरवी पडतात.

वाट ठेवा, पण उंचावर. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून (आधी त्याच्या जागेची खूण करा, नाहीतर टायमिंग हलेल) धातूच्या बॉडीला 6 मिमीचे दोन निपल बसवा. एक नळी एअर फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, दुसरी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) वरपर्यंत, टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर. आता खालचं मूळ छिद्र आणि कॅपचा जोड आरटीव्हीने (ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट) बंद करा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर घ्या आणि 24 तास वाळू द्या.

प्लगच्या आणि कॅपकडच्या रबरी बुटांत आतून मटाराच्या दाण्याएवढं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं) फिरवा. कॉइलच्या टॉवरलाही तेच. रोटरच्या टोकाला आणि कॅपच्या मधल्या कार्बनच्या खुंटीला मात्र ग्रीस लागू देऊ नका. कॅपमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर घासत बसू नका, कॅप बदला. एकदा कार्बनची वाट झाली की करंट तिथूनच पळतो.

परीक्षा सोपी आहे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचे तुषार मारा. जिथे निळं चमकेल तिथे गळती. हात लावू नका. डब्ल्यूडी-40 ओल हटवतं, पण वॉटरप्रूफिंग म्हणून ते धरू नका.

आणि एवढं करूनही खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पंखाच निघतो. इंजिनाबरोबर फिरणारा पंखा पाणी उचलून थेट इग्निशनवर मारतो, शिवाय पाती वाकून रेडिएटर फाडू शकतात. छोट्या ओढ्यापुरती ग्रिलवर ताडपत्री बांधा आणि पहिल्या लो गिअरमध्ये, न थांबता, चालण्याच्या वेगाने जा. दोन-तीन मिनिटांपुरता बेल्ट काढला तरी चालतं, पण त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर तोही थांबतो.

205/70 आर 15 टायरची निम्मी उंची साधारण 33 सेंमी. त्याहून खोल पाण्यात जायचं तर आधी स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) आणि मग ही सगळी खटपट. इग्निशन कितीही कोरडं असलं तरी इनटेकने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतात. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. ओढून बाहेर काढा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा आणि मगच सेल्फ मारून सिलिंडरमधलं पाणी उडवा. इंजिन आणि दोन्ही डिफरन्शिअलचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. तिथे गाडी तरंगून वाहून जाऊ शकते, इग्निशनपर्यंत गोष्टच जात नाही.