आधी मार्जिन, मग सुरी

प्रिय,

“सर, गाठ सेक्रमला चिकटलीय, हळूहळू सोलून घेऊ का?” गुदाशयाचा कॅन्सर परत येऊन सेक्रमला, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाला, चिकटलेल्या पेशंटबद्दलचा हा तुझा प्रश्न डोक्यातून जात नाही. सोलायची नाही! पहिल्या ऑपरेशनमध्ये मेसोरेक्टम, म्हणजे गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण, गेला, त्याबरोबर तुझ्या ओळखीचा प्लेनही, म्हणजे थरांमधली सोलायची वाटही, गेला. आता तिथे व्रण आहे, आणि रेडिएशन झालेल्या पेल्विसमध्ये, म्हणजे ओटीपोटाच्या पोकळीत, व्रण कुठे संपतो नि कॅन्सर कुठे सुरू होतो हे बोटाला कळत नाही. म्हणून गाठीला हात न लावता बाहेरून, निरोगी भागातून जायचं. ती ज्याला चिकटलीय ते तिच्यासकट काढायचं. मूत्राशय असो, गर्भाशय असो, सेक्रमचा खालचा तुकडा असो. गाठीभोवती निरोगी भागाची कड, म्हणजे मार्जिन, मिळणार नसेल तर पोट उघडू नकोस.

“थोडी राहिली तर केमो आहेच” हे तर ऐकवतच नाही. डोळ्यांना दिसेल इतकी गाठ मागे ठेवलीस तर आयुष्य फारसं वाढत नाही. जखम आणि पोटावरची शौचाची पिशवी तेवढी पेशंटच्या गळ्यात पडते. मी केसेस नाकारतो अशी कुजबुज आहे. नाकारतो. मार्जिन दिसत नसेल तर पुढेही नाकारीन.

जुनी ऑपरेशन नोट, स्लाइड्स आणि रेडिएशनचा डोस आधी मागव. पेल्विसचा एमआरआय ताजा हवा, लिव्हर-फुप्फुसात पसरलाय का बघायला पेट-सीटी. नुसता सीईए (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) वाढला म्हणून सुरी उचलायची नसते. गाठ मध्यभागी असेल तर मार्जिनची आशा जास्त, बाजूच्या भिंतीवर असेल तर कमी. पायाकडे जाणाऱ्या सायटिक नर्व्हला वेढा पडलाय का, सेक्रमचा कितवा मणका धरलाय, हे स्वतः बघ. एस-3 च्या, म्हणजे सेक्रमच्या तिसऱ्या मणक्याच्या, खाली हाड कापणं वेगळं; वर सरकलास की लघवी-शौचाच्या नसा जातात.

मूत्रपिंडातून लघवी आणणाऱ्या युरेटरमध्ये स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घाल, पण तो इजा टाळत नाही, व्रणात युरेटर हाताला लागतो एवढंच. स्टोमाची, म्हणजे पिशवीसाठी पोटावर काढायच्या तोंडाची, खूण पेशंटला बसवून, वाकवून कर. बाई असेल तर परकराच्या नाडीची रेघ टाळ. रिकामा पेल्विस भरायला पोटाच्या रेक्टस स्नायूचा फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट वळवलेला तुकडा) लागणार असेल तर प्लास्टिक सर्जनला आधी विचार, कारण लघवीचाही स्टोमा लागला तर तोही त्याच स्नायूतून काढावा लागू शकतो. सेक्रमवरच्या शिरा फुटल्या की हाडात आक्रसतात, टाका धरत नाही. दाबून धर, पॅक कर, ॲनेस्थेटिस्टला रक्त चढवायला वेळ दे.

ट्यूमर बोर्डला, म्हणजे केस ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीला, येताना रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी आण. मार्जिन कुठून मिळेल ते तू बोट ठेवून दाखवायचंस.