प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेकडे काय मागायचं?

अध्ययन अक्षमतेविषयी आलेल्या पत्रांना विशेष शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. धडा मी वाचून दाखवला की सगळी उत्तरं तोंडी सांगतो. स्वतः वाचायला बसला की पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतो. फळ्यावरचं उतरवून होत नाही, म्हणून रोज रात्री मी दुसऱ्या आयांकडून व्हॉट्सअॅपवर वह्यांचे फोटो मागवते आणि अकरापर्यंत त्याच्याकडून लिहून घेते. वहीत 'केअरलेस', 'इनकम्प्लीट' असे शेरे आहेत. ओपन हाऊसला टीचर म्हणाल्या, डिस्लेक्सिया असावा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू. खासगी तपासणी आम्हाला परवडणार नाही. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही उशिराच वाचायला लागले, होईल हळूहळू. — एक आई, भांडुप

उत्तर : ताई, सासूबाईंचं वाक्य कागदावर लिहून ठेवा आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन जड जाणारी अध्ययन अक्षमता, पुष्कळदा घराण्यात चालत येतो, त्यामुळे वडिलांचं उशिरा वाचणं ही महत्त्वाची माहिती आहे. थांबण्याचं कारण मात्र ती नाही. चौथीपर्यंत धडे लहान असतात, तोंडी हुशारीवर निभावून जातं. पाचवीपासून विज्ञान, इतिहास, अगदी गणितातली शाब्दिक उदाहरणंसुद्धा स्वतः वाचूनच सोडवायची असतात. तिथे अशी मुलं एकाएकी सगळ्याच विषयांत मागे पडलेली दिसतात.

मुलाची बुद्धी शाबूत आहे, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. अडचण आहे ती आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, म्हणून तिथे ती लवकर उघडी पडते. मराठी माध्यमातही ती असतेच. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि बोलायची नंतर, रफार डोक्यावर द्यायचा पण उच्चारायचा आधी. घ-ध आणि म-भ यांची जुळी रूपं निराळीच. म्हणून 'माध्यम बदला म्हणजे सुटेल' असं कुणी सांगितलं तर घाईने शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.

आता तपासणी. चौथीतल्या मुलाला आठ वर्षं पूर्ण झालेली असतात, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठीची तपासणी होऊ शकते. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर ही पालिकेची रुग्णालयं हे काम करत आली आहेत. तिथला खर्च खासगीच्या मानाने फार कमी असतो, पण नंबर लागायला वेळ जातो. म्हणून नोंदणी याच आठवड्यात करा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, कारण ती शंका फिटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग बुद्ध्यंकाची चाचणी होते, वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या होतात, बालरोगतज्ज्ञ तपासतात. एका फेरीत हे उरकत नाही, कामावर रजा मागताना तसंच सांगा. जाताना मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेचं पत्र आणि मूळ वह्या न्या. वह्या नीटनेटक्या करून नेऊ नका. खाडाखोड, अर्धवट ओळी, लाल शेरे, हे सगळं तपासणाऱ्याला दिसायला हवं. तुम्ही रात्री बसून पूर्ण करून घेतलेल्या वहीत ते दिसणार नाही.

मुख्याध्यापिकांच्या 'मग बघू'शी मी मुळीच सहमत नाही. बोर्डाच्या सवलतींना प्रमाणपत्र लागतं, हे खरं. पण वर्गात मुलाला पहिल्या बाकावर बसवायला कुठलं प्रमाणपत्र लागतं? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखावीत आणि त्यांना शिकवण्याच्या योग्य उपाययोजना कराव्यात, अशी त्याच्या कलम १६ मध्ये शाळांकडून अपेक्षा आहे, आणि त्यात सरकारी मान्यता असलेल्या खासगी शाळाही आल्या. कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारी व्यक्ती), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सारं नावानिशी आहे. तेव्हा शाळेत जाताना उपकार मागायला आल्यासारखं खुर्चीच्या कडेवर बसू नका.

तोंडी बोलणं मात्र हवेत विरतं. पुढच्या ओपन हाऊसला टीचर बदललेल्या असतात आणि 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं ऐकावं लागतं. म्हणून लेखी अर्ज द्या, साधा, एका पानाचा. मी पालकांना असा मजकूर सांगते :

'माझा मुलगा इयत्ता चौथीत शिकतो. त्याला वाचन व लेखनात अडचण येत असल्याचे वर्गशिक्षिकांनीही सांगितले आहे. रुग्णालयात तपासणीसाठी नोंदणी केली आहे. अहवाल येईपर्यंत कृपया पुढील मदत मिळावी : पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरील मजकुराची छापील प्रत किंवा फोटो, वर्गात अचानक मोठ्याने वाचायला न लावणे, चाचणीत प्रश्न वाचून दाखवणे, विज्ञान व परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण न कापणे. तसेच रुग्णालयासाठी मुलाच्या वर्गातील कामाबद्दल शाळेचे पत्र मिळावे.'

दोन प्रती काढा. एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती फाईलला लावा. कारकून 'ठेवून जा' म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. मागणी नेमकी असली की टीचरना काय करायचं ते कळतं. 'माझ्या मुलाकडे लक्ष द्या' एवढंच म्हटलं तर पन्नास मुलांच्या वर्गात कुणालाही ते जमत नाही, आणि मी वर्गशिक्षिकांना दोष देत नाही. बहुतेकींना हे कधी शिकवलेलंच नसतं. अर्जाला उत्तरच आलं नाही तर स्मरणपत्र, मग पालिकेच्या शिक्षण विभागाकडे, आणि शेवटी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. बहुतेक वेळा शिक्क्याची प्रत पुढे ठेवली की गाडी हलते.

अकरापर्यंतचं लिखाण आजपासून बंद करा. छापील प्रत वहीत चिकटवा आणि तो वेळ त्याला झोपू द्या. 'केअरलेस' हा शेरा वाचला की मला फार वाईट वाटतं. एक ओळ वाचायला ज्याला घाम फुटतो, तो वर्गात इतरांच्या कितीतरी पट कष्ट करत असतो. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि डिस्लेक्सिया हा शब्दही त्याच्यापासून लपवू नका. नाहीतर तो स्वतःसाठी 'ढ' हा शब्द निवडतो.

प्रश्न : मुलीचं प्रमाणपत्र पाचवीत काढलं होतं. आता ती मराठी माध्यमात नववीत आहे, चौदा पूर्ण झाली. शाळा म्हणते, दहावीचा फॉर्म भरताना बघू. मुलगी लेखनिक नको म्हणते, मैत्रिणी हसतील म्हणून. भाषा सोडावी का? — एक वडील, वरळी

उत्तर : दहावीपर्यंत थांबू नका. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली आहे. पाचवीतल्या कागदावर विसंबून राहिलात तर ऐन फॉर्मच्या वेळी धावपळ होईल. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि शाळेच्या सहामाही परीक्षेतही त्याच सवलती मागा.

लेखनिकाचं म्हणाल, तर मुलीचं ऐका. लिहिता येतं पण हात सावकाश चालतो, अशा मुलांना नुसता जादा वेळही पुरतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तो तासाला किमान वीस मिनिटं आहे. पण नकार केवळ लाजेपोटी असेल तर तिला सराव करून बघू दे. उत्तर सांगून लिहवून घेणं हे वेगळं कसब आहे. वाक्य मनात पूर्ण करायचं, मग सावकाश सांगायचं, विरामचिन्हंही सांगायची, आकृतीला नावं कुठे द्यायची ते शब्दांत पकडायचं. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हे जमत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन एखाद्या धाकट्या भावंडाला समोर बसवा.

भाषेतून सूट घेण्याची घाई नको. पुढे तिला काय शिकायचं आहे, तिथे कोणते विषय लागतात, हे आधी बघा. त्या भाषेपायी तिचा बाकीच्या विषयांचा वेळ जात असेल तर जरूर सूट घ्या. फक्त 'मिळते आहे' म्हणून घेऊ नका.

प्रश्न : नातू सात वर्षांचा, दुसरीत. आठ पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही म्हणतात. तोवर ब्राह्मी देऊ का? मी घरीच असते. — एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, डिस्लेक्सियावर औषध नाही, तेव्हा त्यासाठी ब्राह्मी नको. मदतीला मात्र आठ वर्षांची अट नाही, आणि तुमच्याकडे वेळ आहे, जो त्याच्या आईबाबांकडे नसेल. त्याच्याशी भेंड्या खेळा. शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने पकडणं, हेच त्याला जड जातं. 'कमळातला क काढला तर काय उरलं?' असं जेवताना विचारा. 'मळ' म्हणाला की पुढचा शब्द. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायला लावा, काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणू दे. एका दिवशी एकच अक्षर. चुकलं तर रवा सारखा करा आणि पुन्हा. त्याला गोष्टी वाचून दाखवा, तुमचं बोट ओळीखाली फिरत राहू दे, पण त्याला वाचायला लावू नका. तो कंटाळला की थांबा. शाळेच्या बाईंना आताच सांगून ठेवा. डोळे आणि कान तपासून घ्या, आणि आठवा वाढदिवस झाला की रुग्णालयात नोंदणीला उशीर करू नका.