पहिला माळी जोडताना

अरे, चार सोसायट्यांच्या लॉनच्या देखभालीचं काम हातात आलं म्हणून लगेच पगारी माणसं ठेवू नकोस. नवी मुंबईत हे काम वर्षभर सारखं नसतं. पावसाळ्यात कापलेलं गवत आठ-दहा दिवसांत पुन्हा वर येतं, थंडीत तेच रेंगाळतं. म्हणून नेरूळ-सीवूड्सकडे स्वतःचं मशीन घेऊन एकटा फिरणारा माळी शोध आणि त्याला कामागणिक पैसे दे.

पहिली दोन कामं त्याच्या शेजारी उभं राहून बघ. पात्याला धार आहे का? बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि मग टोकं पिवळी पडतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हे ज्याला न सांगता कळतं तो माणूस सोडू नकोस.

माझी चूक सांगतो. खारघरच्या एका सोसायटीत माळ्याच्या ब्रश कटरने, म्हणजे हातात धरून गवत कापायच्या मशीनने, उडालेला खडा गाडीच्या काचेवर बसला. भरपाई कोणाची, हे आधी ठरलंच नव्हतं. मी निम्मे पैसे त्याच्या मजुरीतून कापले. इतका चांगला माळी, पुन्हा आला नाही. आजही वाईट वाटतं. गॉगल, बूट तू दे आणि नुकसान झालं तर ते तुझ्याकडे, हे पहिल्याच दिवशी सांग.

सोसायटीचं बिल कमिटीच्या सहीसाठी अडकतं. माळ्याचे पैसे मात्र काम झालं त्याच संध्याकाळी यूपीआयने टाक. महिन्याची मजुरी बाजूला काढल्याशिवाय दुसरा माणूस घेऊ नकोस. आणि त्याची स्वतःची गिऱ्हाइकं कधी फोडू नकोस. जूनमध्ये माणूस कमी पडला की तोच आपल्या गाववाल्याला घेऊन येतो.